सोलापूरहून जर्मनीत स्थायिक होताना: पहिल्या वर्षातील व्यवहार

हुतात्माबाग

सोलापुरातील नर्सिंग महाविद्यालयांतून शिकून बाहेर पडलेल्या बऱ्याच मुली सध्या जर्मन भाषेच्या बी-टू, म्हणजे वरच्या मध्यम पातळीच्या, परीक्षेची तयारी करीत आहेत. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेमबर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळाविषयी करार केला, तेव्हापासून माझ्याकडे चौकशी करणाऱ्यांची संख्या बरीच वाढली आहे. मी दक्षिण जर्मनीतील एका रुग्णालयात परिचारिका म्हणून काम करते. माहेर साखर पेठेत. विचारणाऱ्यांचे प्रश्न बहुधा दोनच असतात: पगार किती आणि थंडी किती. हे प्रश्न गैर नाहीत, पण पहिल्या वर्षी माणसाची दमछाक ज्या गोष्टींनी होते त्या निराळ्याच असतात, म्हणून हा धागा काढीत आहे.

सर्वांत आधी पत्ता. नव्या घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत तेथील नगरपालिकेच्या कार्यालयात जाऊन पत्त्याची नोंद करावी लागते. तिला आनमेल्डुंग म्हणतात. केवळ भाडेकरार दाखवून हे काम होत नाही. अमुक व्यक्ती अमुक तारखेपासून माझ्या घरात राहत आहे, असे घरमालकाने सही करून दिलेले पत्र लागते आणि ते भाडे ठरवतानाच मागून घ्यावे. ही नोंद झाली की अकरा आकडी करक्रमांक टपालाने घरी येतो. बँकेचे कार्ड टपालाने येते, त्याचा गुप्त क्रमांक वेगळ्या पाकिटातून येतो, आरोग्यविम्याचे कार्डही टपालानेच येते. यातली गोम अशी की, पत्रपेटीवर तुमचे नाव नसेल तर पोस्टमन पत्र टाकत नाही, ते परत पाठवतो. आपल्याकडे ‘मारुतीच्या देवळामागे, गिरणीवाल्यांच्या वाड्यात’ एवढ्यावर पोस्टमन घर शोधून काढतो. तिथे इमारतीच्या दारातील घंटेवर आणि पेटीवर जे आडनाव असेल तेच खरे. म्हणून किल्ली हातात पडेल त्याच दिवशी जाड कागदाच्या पट्टीवर आडनाव ठळक अक्षरांत लिहावे, वरून पारदर्शक चिकटपट्टी लावावी आणि ती पेटीवर डकवून टाकावी. मालक धातूची पट्टी बसवून देईल तेव्हा देईल.

नावाचे स्पेलिंग पासपोर्टात आहे तेच सगळीकडे असावे. जन्मदाखल्यावर एक, दहावीच्या प्रमाणपत्रावर दुसरे आणि नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीत तिसरे, अशी स्थिती आपल्याकडे सर्रास आढळते. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींच्या बाबतीत तर राजपत्रातील जाहिरातीपासून विवाह नोंदणी दाखल्यापर्यंत सगळे जुळवावे लागते. ते सोलापुरात असतानाच उरकावे. तिथून करायचे म्हटले की आईवडिलांना महापालिकेत हेलपाटे घालावे लागतात.

घरभाड्याचे दोन आकडे असतात. काल्टमिटे म्हणजे नुसत्या जागेचे भाडे आणि वार्ममिटे म्हणजे त्यात हीटिंग, पाणी, कचरा, जिन्याची झाडलोट इत्यादींचा आगाऊ खर्च मिळवून होणारी रक्कम. वीज आणि इंटरनेट बहुधा यातही धरलेले नसते. अनामत रक्कम नुसत्या भाड्याच्या तिप्पटीपेक्षा जास्त मागता येत नाही आणि ती तीन मासिक हप्त्यांत भरण्याचा भाडेकरूला हक्क आहे. अनेक घरे स्वयंपाकघराविना मिळतात. म्हणजे ओटा, शेगडी, भांडी घासायचे बेसिन यांपैकी काहीही नसते, भिंतीतून नळाचे तोंड तेवढे बाहेर आलेले असते. जाहिरात वाचताना हे नीट पाहावे. याखेरीज नभोवाणी-दूरचित्रवाणीचे शुल्क दरमहा १८.३६ युरो, दर घरामागे एकदा, द्यावेच लागते; घरात टीव्ही नाही ही सबब चालत नाही. पत्त्याची नोंद झाली की त्याचे पत्र आपोआप येते. नवखी मुले ते फसवणुकीचे पत्र समजून टाकून देतात आणि पुढे दंडासह वसुलीची पत्रे येऊ लागतात.

आता भाषा. परीक्षेतील बी-टू निराळे आणि वॉर्डातील बोलणे निराळे. ऐंशी वर्षांची आजी तिच्या गावच्या बोलीत, कवळी काढून ठेवलेली असताना, कुठे दुखते ते सांगत असते, तेव्हा पुस्तकातील व्याकरण फारसे कामाला येत नाही. तिच्या नातवंडांची नावे विचारली, ती पुन्हा पुन्हा म्हणून घेतली की कान तयार होतो. माझे ठाम मत असे आहे की, मुलींनी पहिल्या वर्षी घर लावण्यापेक्षा जास्त कष्ट भाषेवर घ्यावेत.

कडकभाकरी

ताई, माहिती फार उपयुक्त आहे. माझे प्रस्थान दोन महिन्यांवर आले आहे. आई शेंगाचटणी, कडक भाकरी, घरचे तूप, पेढे आणि कढीपत्ता असे सगळे बांधून द्यायला निघाली आहे. यापैकी काय नेता येते, ते कृपया सांगावे.

हुतात्माबाग

तूप आणि पेढे घरीच ठेवावेत. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून आणण्यास मनाई आहे. त्यात तूप, खवा, पनीर, चीज सगळे आले. ताजा कढीपत्ता हा वनस्पतीचा भाग असल्यामुळे रोगमुक्ततेच्या प्रमाणपत्राविना चालत नाही. शेंगाचटणी आणि कडक भाकरी यांना अडचण नाही. चटणी मात्र तेल सुटणार नाही अशी, दुहेरी पिशवीत घट्ट बांधून न्यावी. चटणीच्या तेलाने नर्सिंगच्या गणवेशाचे काय होते ते मी एका मैत्रिणीच्या बॅगेत पाहिले आहे.

ज्वारीचे पीठ तिथे भारतीय आणि आफ्रिकी दुकानांत मिळते, परंतु ते बहुधा जुने असते आणि त्याला विरी नसते. उकळत्या पाण्यात उकड काढून मळले तर भाकरी थापता येते. तिथल्या घरांतून गॅसची शेगडी क्वचितच असते; काचेचा सपाट विजेचा हॉब असतो. त्यावर भाकरी आचेला लावून फुगवता येत नाही. दुसरी बाजू शेकून झाल्यावर भाकरी पुन्हा उलटून सुती फडक्याने कडेकडेने दाबत राहावे, म्हणजे पापुद्रा सुटतो. तवा जाड बुडाचा लोखंडी आणि तळाशी अगदी सपाट हवा. आपला खोलगट तवा त्या काचेवर डुगडुगतो आणि मधेच करपवतो. झोपण्याच्या खोल्यांत आणि वाटेवर धुराचा गजर बसवलेला असतो, तेव्हा मिरचीची फोडणी देताना स्वयंपाकघराचे दार लावून खिडकी सताड उघडावी.

एक चादर अवश्य न्यावी. जर्मन घरांत वातानुकूलन नसते आणि जुलैत एखादा आठवडा असा येतो की त्यांची जाड दुलई अंगावर घेववत नाही.

जुळेसोलापूर

मी म्युनिकमध्ये संगणक क्षेत्रात नोकरीला आहे. आपल्या पहिल्या लेखातील व्यवहाराची माहिती अचूक आहे, परंतु भाषेविषयीचे आपले मत मला एकांगी वाटते. आमच्या कार्यालयाचे सगळे कामकाज इंग्रजीत चालते, माझ्या विभागातील निम्मे लोक जर्मन नाहीत. पहिल्या वर्षी मला ज्यांनी आधार दिला ते येथील मराठी कुटुंबांनी. घर शोधण्यापासून पत्नीच्या बाळंतपणापर्यंत मराठी मंडळी धावून आली. नव्याने आलेल्या माणसाला आधी आपली माणसे हवीत; भाषा पुढे सावकाश येते. माणूस एकाकी पडला तर व्याकरणाची पुस्तके त्याला जेवू घालीत नाहीत.

हुतात्माबाग

सर, आपली माणसे नकोत असे मी म्हटलेले नाही. पण आपले कार्यालय आणि माझा वॉर्ड यांत फरक आहे, आणि जाणाऱ्या मुली वॉर्डात जाणार आहेत. शिवाय कार्यालयाबाहेरचे पाहा. बालवाडीतून येणारी सूचना जर्मनमध्ये असते, भाड्याचा वार्षिक हिशेब जर्मनमध्ये येतो, घरातील हीटिंग बंद पडल्यावर दुरुस्तीवाला जर्मनच बोलतो. दर वेळी मराठी मंडळातील एखाद्या दादांना फोन लावून भाषांतर करून घेणारी मंडळी मी पाहिली आहेत. त्यांपैकी काहींना तिथे राहून पुष्कळ वर्षे झाली आहेत. स्थायी वास्तव्याच्या परवान्यातही भाषेचा वाटा आहे: ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांचा वास्तव्य परवाना, असलेल्याला ए-वन या प्राथमिक पातळीवर तो सत्तावीस महिन्यांनी मिळू शकतो, तर बी-वन ही मध्यम पातळी असल्यास एकवीस महिन्यांनी.

पूर्वभाग

या वादात सोलापूरच्याच अनुभवावरून काही लिहावेसे वाटते. आमचे पद्मशाली घराणे तेलंगणातून हातमागाच्या कामासाठी सोलापुरात आले. पणजोबा आले तेव्हा त्यांना तेलुगूखेरीज काही येत नव्हते. मागाशेजारीच पथारी टाकून झोपायचे, आपल्याच माणसाच्या खानावळीत जेवायचे, मालकही आपल्याच समाजाचा. त्यांचे कशावाचून अडले नाही, हे खरे आहे. मात्र सूत महाग का झाले, चादर बाजारात कितीला विकली जाते, कोर्टाचा कागद काय सांगतो, यांपैकी काहीच त्यांना थेट कळत नसे. मधला माणूस सांगेल ते खरे. मजुरीच्या हिशेबात त्यांना नेहमी मधल्या माणसाच्या तोंडाकडे पाहावे लागले, असे आजोबा सांगत.

आजोबांनी मराठी शिकून घेतली ती शाळेत नव्हे, मंगळवार बाजारात. त्यानंतर स्वतःचे दोन माग, मग यंत्रमाग, मग वडिलांचे शिक्षण. आमच्या घरात आजही तेलुगू बोलतात, नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो तेव्हा घरातील कोणीही गैरहजर राहत नाही, आणि हा मजकूर मी मराठीत लिहितो आहे. पूर्व भागातील कोणत्याही गल्लीत हेच चित्र दिसेल. घरची भाषा घरात ठेवायची आणि बाजारची भाषा बाजारात शिकायची, यात अर्ध्या सोलापूरला कधी विरोध जाणवला नाही. म्हणून जुळेसोलापूर यांना नम्रपणे विचारतो की, आपल्याला धावून आलेल्या त्या मराठी कुटुंबांपैकी जे खरे उपयोगी पडले, म्हणजे ज्यांनी घरमालकाशी बोलणी केली, दवाखान्यात कागद भरले, ते जर्मन जाणणारेच होते ना?

जुळेसोलापूर

हे मान्य करावे लागेल. दवाखान्यात सोबत आलेल्या वहिनी जर्मन शाळेत शिकवतात.

भय्याचौक

आपल्या गावचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकासोबत चीनला गेले, ते युद्धाच्या धामधुमीत चिनी भाषा शिकले, तिथल्याच परिचारिकेशी त्यांनी विवाह केला आणि बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते पहिले संचालक झाले. १९४२ मध्ये वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. चार वर्षांत एवढे होऊ शकले ते रुग्णांशी त्यांच्याच भाषेत बोलता आले म्हणून, असे मला वाटते. नर्सिंगला जाणाऱ्या मुलींनी निघण्यापूर्वी कोटणीस स्मारक एकदा पाहून घ्यावे.

विडीघरकुल

माझा प्रश्न पैशाचा आहे. एका मध्यस्थाने माझ्या धाकट्या बहिणीकडून भाषेचा वर्ग, कागदपत्रे आणि ‘नोकरीची हमी’ यांसाठी मोठी रक्कम आगाऊ घेतली आणि मूळ प्रमाणपत्रेही स्वतःकडे ठेवून घेतली. आई विड्या वळते; तिने त्यासाठी बचत गटातून कर्ज काढले आहे. आता तो म्हणतो की मधेच सोडले तर पैसे परत मिळणार नाहीत. अशी पद्धत असते का?

हुतात्माबाग

मूळ प्रमाणपत्रे आजच्या आज परत घ्यावीत. ती ठेवून घेण्याचे त्याला काहीही कारण नाही. दिली नाहीत तर पोलिसांत लेखी तक्रार करावी. परदेशी नोकरीसाठी माणसे पाठवणाऱ्या मध्यस्थाकडे भारत सरकारच्या परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी लागते, आणि नोंदणीकृत मध्यस्थांची यादी मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहता येते. ती आधी पाहावी. परिचारिकांच्या भरतीत, भरतीचा खर्च मालकाने उचलावा हे तत्त्व जर्मनीत मान्य आहे आणि ते पाळणाऱ्या संस्थांना तिथे शासकीय गुणवत्ता चिन्ह दिले जाते. ज्या रुग्णालयांना खरोखर माणसे हवी असतात ती भाषेच्या वर्गाचा आणि विमानाचा खर्च स्वतः करतात. तेव्हा हमीचे पैसे मागणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारावा की रुग्णालय कोणते आणि त्याचे पत्र कुठे आहे.

करार हाती आला की दोन कलमे काळजीपूर्वक वाचावीत. पहिले म्हणजे, आपली पदविका तिथे पूर्णपणे मान्य होईपर्यंत हुद्दा आणि पगार काय राहणार. भारतीय शिक्षणात जे विषय वा प्रात्यक्षिके कमी आढळतात त्यांची यादी तेथील कार्यालय लेखी देते आणि ती उणीव एकतर रुग्णालयातील अनुकूलन अभ्यासक्रमाने किंवा ज्ञानपरीक्षेने भरून काढावी लागते. तोपर्यंत सहायक म्हणून, कमी पगारावर काम करावे लागते. मध्यस्थ हे सहसा सांगत नाहीत. दुसरे म्हणजे, ठरावीक मुदतीपूर्वी नोकरी सोडली तर किती रक्कम परत करावी लागेल. हे कलम जर्मन येणाऱ्या माणसाकडून वाचून घेतल्याशिवाय सही करू नये.

पार्कचौक

माझी मुलगी गेल्या हिवाळ्यात गेली. आई-वडिलांच्या बाजूने थोडे लिहितो. हिवाळ्यात आपल्यात आणि जर्मनीत साडेचार तासांचे अंतर असते, उन्हाळ्यात साडेतीन. तिची रात्रपाळी संपते तेव्हा आपल्याकडे सकाळचे अकरा वाजलेले असतात. त्या वेळी आम्ही फोन करीत नाही, ती झोपून उठली की स्वतः करते. सुरुवातीला दररोज काय जेवलीस असे विचारून आम्ही तिला भंडावून सोडत असू. आता ती वॉर्डात काय शिकली ते सांगते आणि आम्ही ऐकतो, हे अधिक बरे चालले आहे.

व्यवहाराचे म्हणाल तर तिचे येथील बँकेतील साधे बचत खाते अनिवासी खात्यात, म्हणजे एनआरओमध्ये, बदलून घ्यावे लागले. परकीय चलन कायद्याने ते बंधनकारक आहे, पण बँकेने आपणहून सांगितले नाही. येथील कामांसाठी कुलमुखत्यारपत्र ती जाण्यापूर्वीच करून घेतले होते, त्याचा फार उपयोग झाला. माझा प्रश्न असा की, पुढेमागे आम्हा उभयतांना तिच्याकडे कायमचे राहता येईल का?

हुतात्माबाग

काका, भेटीचा शेंगेन व्हिसा, म्हणजे जर्मनीसह युरोपातील बऱ्याच देशांचा सामाईक व्हिसा, १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवसांचा मिळतो आणि त्यासाठी किमान ३०,००० युरो संरक्षणाचा प्रवासी आरोग्यविमा लागतो. कायम राहण्याबाबत, ज्या कुशल कामगारांना पहिला वास्तव्य परवाना १ मार्च २०२४ रोजी किंवा त्यानंतर मिळाला आहे, त्यांना आई-वडिलांना बोलावण्याची तरतूद कायद्यात झाली आहे. मात्र तुमच्या निर्वाहाचा पूर्ण खर्च आणि आरोग्यविमा यांची तजवीज दाखवावी लागते, आणि उतारवयात तिथे विमा मिळणे हेच मोठे अवघड असते. त्यामुळे या तरतुदीवर विसंबून येथील घर विकू नये.

तिला हिवाळ्यापुरते एक सांगा. खोलीत कपडे वाळत घालून खिडक्या बंद ठेवल्या की भिंतीला बुरशी धरते आणि तिचा खर्च मालक अनामतीतून कापू पाहतो. सकाळ-संध्याकाळ पाच-दहा मिनिटे खिडकी पूर्ण उघडून हवा बदलावी. सोलापुरात मे महिन्यात आपण दुपारभर खिडक्या बंद ठेवतो ती सवय तिथे उपयोगाची नाही. रात्री ताप चढला पण जिवाला धोका नसेल तर ११६११७ हा क्रमांक. जीव धोक्यात असेल तरच ११२.

कडकभाकरी

वाहन परवान्याचे काय? मला स्कूटर आणि कार दोन्ही चालवता येते.

जुळेसोलापूर

भारतीय परवाना तिथे वास्तव्य सुरू झाल्यापासून सहा महिने चालतो. त्यानंतर लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात आणि त्याला बराच पैसा लागतो. शहरात राहणार असाल तर घाई करू नये. डॉइचलँडटिकेट या मासिक पासावर देशभरातील लोकल गाड्या, ट्राम आणि बस चालतात. तो दर महिन्याला आपोआप पुढे चालू राहतो, म्हणून सुट्टीसाठी सोलापूरला येणार असाल तर आदल्या महिन्याच्या दहा तारखेपर्यंत रद्द करावा. आणि रविवारी जवळजवळ सगळी दुकाने बंद असतात, तेव्हा दूध-भाजी शनिवारीच आणावी.

पूर्वभाग

शेवटचा एक प्रश्न माझ्या पुतण्यासाठी. जर्मन नागरिकत्व घेतल्यास येथील घर आणि शेती यांचे काय होते?

हुतात्माबाग

२०२४ च्या दुरुस्तीनंतर साधारणपणे पाच वर्षांच्या वास्तव्यानंतर अर्ज करता येतो आणि जुने नागरिकत्व सोडावे अशी जर्मनीची अट राहिलेली नाही. पण भारत दुहेरी नागरिकत्व मानीत नाही, म्हणून भारतीय पासपोर्ट जमा करून ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांसाठीचे, कार्ड घ्यावे लागते. त्या कार्डावर राहते घर विकत घेता येते, शेतजमीन घेता येत नाही. वारसाने मात्र ती येऊ शकते. खरेदीचा हा निर्बंध परदेशात स्थायिक झालेल्या भारतीय पासपोर्टधारकालाही आहेच. तेव्हा पुतण्याला मोहोळकडे जमीन घ्यायची असेल तर ती वडिलांच्या नावे घेतलेली बरी, आणि सातबाऱ्यावर वारसांची नावे लागताना त्याचे नाव पासपोर्टातल्याच स्पेलिंगशी जुळेल असे लावून घ्यावे.